श्वास, भूल आणि शुद्धी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका भूलतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी धर्म आणि आरोग्य यांना जोडणारा एखादा विषय मांडावा, अशी विश्वस्तांची सूचना होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना भेटताना समाजातील अनेक मंडळी मला एक प्रश्न आवर्जून विचारतात. तोच आजचा विषय म्हणून मी निवडला आहे. प्रश्न असा : "डॉक्टरसाहेब, जो नित्य ध्यान करतो, दीर्घ श्वासाचा अभ्यास करतो, तो भुलेतून लवकर शुद्धीवर येतो, हे खरे का?" आपल्या स्याद्वादाच्या परंपरेला अनुसरून मी म्हणेन की, एका अपेक्षेने हे खरे आहे आणि दुसऱ्या अपेक्षेने नाही. कोणत्या अपेक्षेने खरे आणि कोणत्या अपेक्षेने नाही, हे नीट समजून घेतले तर त्यातून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे प्राण वाचू शकतात. म्हणून हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही.

आपल्या शास्त्रांनी श्वासाला फार वरचे स्थान दिले आहे. दहा प्राण सांगितले आहेत, त्यांत पाच इंद्रिये, मन-वचन-काया ही तीन बले आणि आयुष्य यांच्याबरोबर श्वासोच्छ्वास हा स्वतंत्र प्राण गणला आहे. सहा पर्याप्तींमध्येही श्वासोच्छ्वास पर्याप्ती आहे. इतकेच नव्हे, तर कालगणनासुद्धा श्वासावर उभी केली आहे. सात प्राणांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्याहत्तर लवांचा एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका मुहूर्तात ३७७३ प्राण. भागाकार करून पाहिला तर हे प्रमाण मिनिटाला सुमारे ७९ येते. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. ७९ हा आकडा नाडीच्या गतीशी अधिक जुळतो. त्याचा अर्थ कसा लावायचा, हे शास्त्रपंडितांनी सांगावे. वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच जाणवते की, स्वस्थ शरीराच्या लयीकडे त्या काळी किती बारकाईने पाहिले गेले होते.

आता भुलेकडे वळू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगवून शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवून आणले. १८४७ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. लवकरच एक वाद उभा राहिला. क्लोरोफॉर्मने एखादा रुग्ण दगावला, तर आधी श्वास थांबतो की हृदय? या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारी, हैदराबादेत लिहिला गेला. निजामांच्या आर्थिक साहाय्याने १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. त्यांचे सूत्रधार शल्यविशारद एडवर्ड लॉरी यांचे सांगणे होते की, नाडीकडे पाहण्यात वेळ दवडू नका, रुग्णाच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवा. लॉरी यांच्याच हाताखाली काम केलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. पुढे १९११ च्या सुमारास ए. गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके अकस्मात बिघडू शकतात हे सिद्ध केले, आणि लॉरी यांचे म्हणणे अर्धेच खरे होते असे ठरले. आज आम्ही श्वास आणि हृदय या दोहोंवर सारखीच नजर ठेवतो. परंतु श्वासाकडे पाहण्याची जी शिस्त त्या काळी लागली, ती आमच्या शास्त्रातून कधीच गेली नाही.

श्वासावाटे दिलेली भूल काम कशी करते? औषधाची वाफ प्राणवायूबरोबर फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांत जाते, तेथून रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूत तिचे प्रमाण पुरेसे झाले की शुद्ध हरपते. शस्त्रक्रिया संपली की आम्ही ती वाफ बंद करतो. मग उलटा प्रवास सुरू होतो. मेंदूतून रक्तात, रक्तातून वायुकोशांत आणि तेथून उच्छ्वासावाटे बाहेर. इतर बहुतेक औषधे यकृत आणि मूत्रपिंडे यांच्यामार्फत शरीराबाहेर जातात. या वाफा मात्र जशा आल्या तशाच, बहुतांशी श्वासावाटे परत जातात. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेव्होफ्लुरेनचा जेमतेम दोन ते पाच टक्के भाग शरीरात विघटित होतो. म्हणजे ज्या दाराने भूल आत आली, त्याच दाराने ती बाहेर पडते; आणि ते दार म्हणजे आपला श्वास. इथवर ऐकल्यावर कोणालाही वाटेल की, जितका जोरात श्वास तितकी लवकर शुद्धी. पण शरीराचे गणित इतके सरळ नाही.

पहिली गोष्ट, वाफ किती लवकर निघून जाईल हे ती रक्तात किती विरघळते यावर अवलंबून असते. जी रक्तात फार विरघळते ती रक्ताला चिकटून बसते, सहजासहजी सोडत नाही. हे प्रमाण ईथरसाठी सुमारे १२, हॅलोथेनसाठी २.४, आयसोफ्लुरेनसाठी १.४, सेव्होफ्लुरेनसाठी ०.६५ आणि डेसफ्लुरेनसाठी ०.४२ आहे. ईथरच्या काळातील रुग्ण तासन् तास गुंगीत राहत, उलट्या करत. आजचा रुग्ण बहुधा काही मिनिटांत डोळे उघडून आपले नाव सांगतो. हा फरक मुख्यतः औषधातील सुधारणेचा आहे, रुग्णाच्या साधनेचा नव्हे. दुसरी गोष्ट, शस्त्रक्रिया दीर्घकाळ चालली आणि रुग्ण स्थूल असेल, तर वाफेचा काही अंश चरबीत साठतो आणि सावकाश बाहेर येत राहतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जोरजोरात श्वास घेतला की शरीरातील कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते. मेंदूतून औषध वाहून आणणारा प्रवाहच मंदावला, तर फुप्फुसे कितीही रिकामी केली तरी मेंदूची सुटका लांबते. शिवाय श्वास घेण्याची प्रेरणा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो फार उतरला तर गुंगीतला रुग्ण श्वास घेणेच विसरतो.

हे कोडे शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले होते. १९२० च्या दशकात येल विद्यापीठातील यांडेल हेंडरसन आणि हॉवर्ड हॅगार्ड यांनी शस्त्रक्रियेनंतर प्राणवायूत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून रुग्णाला देण्याचा पुरस्कार केला. त्यामुळे श्वास खोल होई, मेंदूकडे रक्त वाहत राही आणि ईथर वेगाने निघून जाई. पुढे ही पद्धत मागे पडली, पण एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडा आणि अमेरिका येथील संशोधकांनी तिला नव्या साधनांनिशी पुन्हा हात घातला. श्वासाचे प्रमाण वाढवायचे, पण कार्बन डायऑक्साइड उतरू द्यायचा नाही, असे हे तंत्र आहे. काही अभ्यासांत अशा रुग्णांचा शुद्धीवर येण्याचा अवधी जवळपास निम्म्यावर आला. निम्म्यावर म्हणजे किती, तर काही मिनिटे. आणि हे सारे यंत्र व भूलतज्ज्ञ करतात, रुग्ण नव्हे. त्या क्षणी रुग्णाची इच्छाशक्ती निद्रिस्त असते; वर्षानुवर्षांचा ध्यानाचा अभ्यासही तेथे हाताशी येत नाही.

तेव्हा प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर स्वच्छ आहे. भूल उतरण्याच्या त्या पहिल्या काही मिनिटांत साधकाचा वेग आणि सामान्य माणसाचा वेग यांत फरक पडतो, असे मी म्हणणार नाही. कोणी तसे छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहावे. साधनेचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी तिला न शोभणाऱ्या दाव्यांची गरज नाही.

मात्र येथे विषय संपत नाही. डोळे उघडले म्हणजे भूल संपली, असे आपण समजतो. ती चूक फार महागात पडते. रुग्ण बोलू लागल्यावरही वाफेचा अल्प अंश शरीरात उरलेला असतो, आणि प्राणवायू कमी पडल्यास श्वास वाढवण्याची जी उपजत सूचना असते, ती एवढ्याशा अंशानेही बोथट होते. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाला आम्ही काही काळ प्राणवायू लावून, बोटाला यंत्र जोडून नजरेखाली ठेवतो. "आता तर बोलतोय, मुखवटा काढा की," असा आग्रह नातेवाईक धरतात. कृपया धरू नये.

दुसरी अडचण फुप्फुसांची. भूल देताच छातीचे स्नायू सैलावतात, श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसांत एरवी शिल्लक राहणारी हवा सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. पाठीकडच्या भागातील वायुकोश मिटून जातात. पूर्ण भूल दिलेल्या जवळजवळ नव्वद टक्के रुग्णांत हे कमी-अधिक प्रमाणात घडते. तरुण, निरोगी माणसात ते लवकर पूर्ववत होते. पण पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर खोल श्वास घेण्याची क्षमता पहिल्या दिवशी निम्म्याहूनही खाली येऊ शकते आणि सावरायला आठवडाभर लागतो. मिटलेल्या वायुकोशांत कफ साचतो, कफात जंतू वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, धाप लागते. "ऑपरेशन उत्तम झाले होते, पण नंतर न्युमोनिया झाला," हे वाक्य आपण सर्वांनी कोणा ना कोणा ज्येष्ठांविषयी ऐकले आहे. खरी लढाई येथे आहे, आणि या लढाईत मात्र रुग्णाचा स्वतःचा श्वास हे मुख्य शस्त्र आहे.

आपण व्यवहारी माणसे आहोत, म्हणून एक हिशोब मांडतो. सामान्य श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातील १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते, कामी येत नाही. मिनिटाला असे बारा श्वास घेतले तर एकूण सहा लिटर हवा आत जाते आणि त्यातली ४.२ लिटर कामाची असते. आता दुखण्याच्या भीतीने रुग्ण २५० मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला चोवीस वेळा घेतो. एकूण हवा तीच सहा लिटर, पण कामाची फक्त २.४ लिटर. उलाढाल तेवढीच, नफा मात्र जवळपास निम्मा! वरून पाहणाऱ्याला वाटते, श्वास चांगला भराभर चालू आहे. प्रत्यक्षात रुग्ण तोट्यात चाललेला असतो.

मग उपाय काय? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील तीन रुग्णालयांत झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ४४१ रुग्णांना त्यात दोन गटांत विभागले होते. माहितीपत्रक दोन्ही गटांना दिले. एका गटाला त्याशिवाय शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने एकदाच, केवळ अर्धा तास, समोर बसवून शिकवले : फुप्फुसांचे काय होते, शुद्धीवर येताच खोल श्वास कसे घ्यायचे, खोकायचे कसे. माहितीपत्रकावर राहिलेल्या गटात २७ टक्के रुग्णांना फुप्फुसांचा उपद्रव झाला. शिकवलेल्या गटात १२ टक्के रुग्णांना. ना महागडे औषध, ना यंत्र. अर्ध्या तासाचे शिक्षण, आणि तेही शस्त्रक्रियेच्या आधी. याउलट, तीन चेंडूंचे जे प्लास्टिकचे उपकरण रुग्णाच्या उशाशी ठेवले जाते, ते नुसते हाती दिल्याने विशेष लाभ होतो असे पुराव्यांवरून दिसत नाही. ते वाईट नाही; पण चेंडू वर गेले म्हणून टाळ्या वाजवण्यापेक्षा सावकाश, पोटापासून श्वास घेणे अधिक मोलाचे आहे.

येथे आपली परंपरा आपल्या मदतीला येते. कायोत्सर्गात काळ मोजला जातो तो श्वासांनी. दिगंबर परंपरेत एक णमोकार तीन श्वासोच्छ्वासांत म्हणण्याचा विधी आहे. पहिल्या श्वासात दोन पदे, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात शेवटचे एक. नऊ णमोकारांचे सत्तावीस श्वासोच्छ्वास होतात. श्वेतांबर परंपरेत लोगस्सच्या कायोत्सर्गाला पंचवीस श्वासोच्छ्वासांचे प्रमाण सांगितले आहे. तेरापंथाचे आचार्य तुलसी आणि आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ पासून रुजवलेल्या प्रेक्षाध्यानात दीर्घश्वासप्रेक्षा हा पायाभूत प्रयोग आहे. त्यात श्वास मंद, दीर्घ आणि पोटापर्यंत जाणारा असावा लागतो. फिजिओथेरपिस्ट जो श्वास शिकवतात, तो याहून फारसा वेगळा नाही.

म्हणून माझी सूचना अगदी सोपी आहे. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी दोन-तीन आठवडे आधीपासून दररोज सकाळ-संध्याकाळ, शक्यतो सामायिकाला जोडून, हा सराव करावा. पाठ ताठ, खांदे सैल, एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, पोट पुढे आल्याचे हाताला जाणवावे, क्षणभर थांबावे आणि अलगद सोडावे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी अनुमती देताच, जागेपणी दर तासाला मनातल्या मनात तीन णमोकार, म्हणजे नऊ दीर्घ श्वास घ्यावेत. मग उशी किंवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दाबून धरून दोन-तीनदा खोकावे आणि कफ बाहेर काढावा. सलग वीस-पंचवीस श्वासांचा हट्ट धरू नये, चक्कर येते. पाठीवर सपाट न झोपता उशाकडची बाजू वर करून बसते व्हावे, आणि परवानगी मिळताच चार पावले चालावे. मंत्राने काळाचे भान राहते, मन घाबरत नाही, आणि परिचारिकेने आठवण करण्याची वाट पाहावी लागत नाही. डोळ्यांची, मेंदूची किंवा अन्य काही विशिष्ट शस्त्रक्रिया असेल तर खोकण्याविषयी आपल्या शल्यविशारदांना आधी विचारावे.

काय करू नये, तेही सांगतो. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणारे कुंभक शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. त्यांनी पोटात दाब वाढतो, टाक्यांवर ताण येतो. आणि वेगवान श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरल्यास काय होते ते आपण पाहिलेच. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त प्राणायामाचे सविस्तर विवेचन केले आहे. पण बळाने श्वास रोखल्याने शरीराला पीडा होते आणि चित्त चंचल होते, असा इशाराही त्यांनी दिला आहे. बाराव्या शतकातील तो विवेक आजच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतो.

आता एक नाजूक विषय. आपल्यातील काही तपस्वी वृत्तीची मंडळी शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक घेण्यास नकार देतात. "सहन करू, कर्मनिर्जरा होईल," म्हणतात. त्यांच्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु पोटावर वीतभर छेद असताना वेदना सोसणारा माणूस नकळत श्वास आखडतो, खोकला दाबतो, कूस बदलत नाही. त्या सहनशीलतेची किंमत फुप्फुसे मोजतात. वेदना शमवण्याचा हेतू येथे सुखोपभोगाचा नसून श्वास मोकळा करण्याचा आहे. धर्मसाधनेसाठी देह टिकावा, ही दृष्टी ठेवली तर त्यात व्रतभंग कोठे येतो, याचा विचार आपण गुरुजनांना विचारून, शस्त्रक्रियेपूर्वीच करावा. दुसऱ्या टोकाला, मॉर्फिनसारखी तीव्र औषधे श्वास मंद करतात. म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या रुग्णाने ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

उपवासाचेही असेच आहे. भूल देताना पोट रिकामे हवे, कारण बेशुद्धीत पोटातील अन्न उलटून फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो. सामान्य नियम असा की, हलके अन्न आणि दूध सहा तास आधीपर्यंत, तर स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या चौविहार करणाऱ्या बंधू-भगिनींचे सूर्यास्तापासून पाणीही बंद असते. शस्त्रक्रिया दुपारी झाली तर अठरा-एकोणीस तास पाण्याविना जातात. शरीर कोरडे पडते, भूल देताच रक्तदाब घसरू शकतो आणि कफ घट्ट होतो. यावर मार्ग आहे. सूर्योदय साडेसहाला असेल तर नवकारशी सात वाजून अठरा मिनिटांनी येते. शस्त्रक्रिया दहा वाजता ठेवली, तर आठ वाजेपर्यंत उकळलेले पाणी पिता येते. व्रतही राहते आणि वैद्यकीय नियमही पाळला जातो. फक्त हे आपल्या भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी सांगायला हवे आणि त्यांची संमती घ्यायला हवी. ज्यांना दुपारची वेळ मिळाली आहे त्यांना सलाइन लावून घेता येते. पर्युषणात अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या केलेल्यांनी, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पारण्यानंतर आहार पूर्ववत होऊन काही आठवडे जाईपर्यंत पुढे ढकलावी. दीर्घ उपवासाने स्नायू क्षीण होतात, आणि श्वास घेणे हेही स्नायूंचेच काम आहे. तपाचा अभिमान नको म्हणून ते सांगायचे नाही, हा संकोच भूलतज्ज्ञांपुढे कृपया बाळगू नये.

व्यसनांविषयी दोन शब्द. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सोडावी. अगदी एक दिवस आधी सोडली तरी रक्तातील विषारी कार्बन मोनॉक्साइड उतरतो. मात्र जेवणानंतरच्या सुपारीला आपल्याकडे कोणी व्यसनच मानत नाही. वर्षानुवर्षे सुपारी, गुटखा चघळल्याने तोंडाच्या आतील त्वचा आखडते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि श्वासनलिकेत नळी घालणे आमच्यासाठी अवघड होऊन बसते. आपले तोंड पूर्ण उघडते का, हे घरी आरशासमोर आजच पाहावे.

घरच्या मंडळींनाही काही कर्तव्ये आहेत. रुग्णाभोवती पंधरा जणांची गर्दी करून सर्वांनी कुशल विचारणे म्हणजे सेवा नव्हे. एकाने जवळ बसून दर तासाला श्वासाची आठवण द्यावी. ही खरी वैयावृत्त्य. "हलू नकोस, पडून राहा," हा मायेचा सल्ला बहुधा अपायकारक असतो. घरी परतल्यावर पहिले चोवीस तास रुग्णाने वाहन चालवू नये, दुकानाच्या कागदांवर किंवा चेकवर सह्या करू नयेत. डोके ताळ्यावर आले असे वाटते, पण निर्णयशक्ती पूर्ण परतलेली नसते. धाप, ओठांवर निळसर झाक, ताप, छातीत दुखणे, पिवळा-हिरवा कफ किंवा हाका मारूनही न उतरणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले तर श्वासाचे प्रयोग बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

समारोप करताना मूळ प्रश्नाकडे येतो. वाफ शरीरातून बाहेर जाण्याचे काम भूलतज्ज्ञांचे, औषधाचे आणि निसर्गनियमांचे आहे. तेथे साधनेचा दावा करू नये. पण त्यानंतरचे दिवस रुग्णाचे स्वतःचे आहेत. ज्याला आधीपासून शांतपणे, खोल, मोजून श्वास घेण्याची सवय आहे, त्याला शस्त्रक्रियेनंतर ते नव्याने शिकावे लागत नाही. ज्या वेळी अंग दुखत असते, मन भ्यालेले असते आणि डोके जड असते, त्या वेळी नवे काही शिकणे कठीण असते. जुनी सवय मात्र साथ देते. या अपेक्षेने साधक लवकर बरा होण्याची आशा धरता येते.

आपला ट्रस्ट गरजू रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी अर्थसाहाय्य देतो, ही गौरवाची गोष्ट आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी एक नम्र विनंती आहे. साहाय्याचा धनादेश देताना त्याच दिवशी, याच सभागृहात, रुग्ण आणि त्याच्या घरातील एक व्यक्ती यांना अर्धा तास बसवून श्वास कसा घ्यावा आणि खोकावे कसे, एवढे शिकवण्याची व्यवस्था करावी. समाजात फिजिओथेरपीचे शिक्षण घेतलेल्या मुली-मुले आहेत; ती ही सेवा आनंदाने करतील. यासाठी वेगळा निधी लागणार नाही. अभयदानाचे महत्त्व आपण नित्य ऐकतो. शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाच्या मनातील भीती कमी करून त्याच्या हाती त्याचाच श्वास सोपवणे, हेही मला अभयदानच वाटते.